स्टीव्हस्टनचे मच्छीमार आणि व्हँकूव्हरचा स्मारकस्तंभ

शिलालेखांत काय कोरलें आहे हें वाचून शोधकाचें काम संपत नाहीं. तो लेख कोणीं, कोणत्या वेळीं व कोणापुढें ठेवण्यासाठीं कोरविला, हें समकालीन कागदांवरून ठरवावें लागतें. ताम्रपट व वीरगळ यांच्या बाबतींत हा नियम आमच्या वाचकांच्या परिचयाचा आहे. तोच नियम एका अर्वाचीन व परदेशीय लेखास लावल्यास काय निष्पन्न होतें, हें येथें दाखविण्याचें योजिलें आहे.

हा लेख कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील व्हँकूव्हर शहरीं, स्टॅन्ले पार्क नामक उद्यानांत आहे. उंच दगडी स्तंभ, माथ्यावर छपराखालीं दिवा व पायथ्याशीं फुलाच्या पाकळ्यांप्रमाणें पसरलेल्या शिळा, असें त्याचें स्वरूप आहे. पहिल्या महायुद्धांत कॅनडाच्या फौजेंतून लढलेल्या जपानी स्वयंसैनिकांचें हें स्मारक होय. त्यांची संख्या २२२. पैकीं ५४ कामास आले. ९ एप्रिल १९२० रोजीं स्तंभाचें अनावरण झालें. फ्रान्समधील व्हिमी टेकडीच्या लढाईस त्या दिवशीं तीन वर्षें पूर्ण झालीं होतीं. आपल्या पराक्रमाची नोंद दगडावर करण्याची या लोकांस एवढी निकड कां वाटली, हें समजण्यास मात्र फ्रेझर नदीच्या मुखाकडे वळलें पाहिजे.

व्हँकूव्हरच्या दक्षिणेस, त्या नदीच्या मुखाशीं, स्टीव्हस्टन गांव आहे. अंडीं घालण्यासाठीं समुद्रांतून नदींत चढणारा सॅमन मासा जाळ्यांत धरावयाचा व कारखान्यांत डबाबंद करून परदेशीं पाठवावयाचा, हा तेथील मोठा धंदा होता. १८८८ सालीं जपानच्या वाकायामा प्रांतांतील मिओ गांवचा सुतार गिहेइ कुनो येथें आला. मासळीची समृद्धि पाहून त्यानें आपल्या गांवकऱ्यांस बोलावून घेतलें. त्यापूर्वींच, १८८३ सालीं, चिबा प्रांतांतील तोमेकिची होम्मा कॅनडांत आला होता. तो स्टीव्हस्टनच्या जपानी मच्छीमारांच्या संघाचा पुढारी झाला. या मच्छीमारांनीं स्वतःचें रुग्णालयहि चालविलें. पुढें व्हँकूव्हरांत मजुरांच्या राहण्याजेवण्याची सोय करणें, रेल्वेस मजूर पुरविणें, असे उद्योग होम्मानें केले.

मासेमारीचा परवाना ब्रिटिश प्रजाजनासच मिळे. म्हणून हे लोक रीतसर नागरिकत्व घेत. तथापि ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या १८९५ सालच्या कायद्यानें जपान्यांस, नागरिकत्व घेतलें असलें तरी, मतदारांच्या यादींतून वगळलें होतें. १९०० सालीं होम्मानें आपलें नांव यादींत घालण्याची मागणी केली. कनिंगहॅम नामक अधिकाऱ्यानें ती नाकारली. प्रांतांतील दोन्ही कोर्टांत होम्मा जिंकला. परंतु डिसेंबर १९०२ मध्यें लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलानें निकाल फिरविला. नागरिकत्व देणें संघसरकारच्या हातीं असलें तरी मत कोणास द्यावें हें प्रांतानें ठरवावयाचें, असा त्याचा आशय होता. मुंबई हायकोर्टावरील अपिलें त्या काळीं जेथें चालत, तेंच हें न्यायासन.

या निकालाच्या प्रकाशांत पुढील हकीकत वाचावी. १९१६ सालीं जपानी मंडळाच्या आश्रयानें व्हँकूव्हरांत सुमारें २०० जणांनीं कवाईत केली. सरकारनें त्यांस घेतलें नाहीं. तेव्हां अनेकजण पर्वत ओलांडून आल्बर्टा प्रांतांत गेले व तेथील पलटणींत दाखल झाले. रणांत रक्त सांडल्यावर तरी मत मिळेल, ही आशा त्यामागें होती. त्यांचे भरतीचे कागद कॅनडाच्या सरकारी दफ्तरखान्यांत शिल्लक आहेत; त्यांत प्रत्येकाचा धंदा लिहिण्याचें स्वतंत्र सदर आहे. स्तंभावरील नांवें त्या सदराशीं ताडून पाहण्याजोगीं आहेत.

युद्धानंतरचा अनुभव निराळा आला. १९२२ सालच्या डफ समितीनें जपानी मच्छीमारांचे परवाने शेंकडा ४० नीं कमी करण्याची शिफारस केली. १९३१ सालीं प्रांतिक कायदेमंडळानें मत दिलें तें केवळ माजी सैनिकांस, आणि तेंहि एका मताच्या आधिक्यानें. डिसेंबर १९४१ मध्यें जपानशीं युद्ध जुंपतांच सुमारें १,२०० मच्छीमार नौका सरकारनें अडकविल्या. पुढें किनाऱ्यावरील २१,००० हून अधिक जपानी वंशीयांस घरांतून हलविण्यांत आलें, आणि स्तंभावरील दिवाहि मालविला गेला. होम्मा १९४५ सालीं स्लोकन येथील स्थानबद्धांच्या वस्तींत वारला. प्रांतिक मताधिकार व किनाऱ्यावर परतण्याची मोकळीक या समाजास १९४९ सालीं मिळाली. स्तंभावरील दिवा २ ऑगस्ट १९८५ रोजीं मासुमी मित्सुई या ९७ वर्षांच्या सैनिकाच्या हस्तें पुनः लावण्यांत आला. १९३१ सालीं मतासाठीं कायदेमंडळाकडे गेलेल्या माजी सैनिकांपैकीं तो एक होता.

एवढे कागद शेजारीं ठेविले म्हणजे स्तंभाचा अर्थ उलगडतो. मृतांचें स्मरण त्यांत आहेच; शिवाय १९०२ सालीं जो अर्ज फेटाळला गेला तोच येथें दगडावर पुनः लिहिलेला आहे. स्तंभ होम्मानें उभारिला असें आमचें म्हणणें नाहीं. त्याचा खटला व हा लेख एकाच मागणीचे दोन पुरावे आहेत, इतकेंच. मतदारांची यादी, परवान्यांची वही, नौकांच्या जप्तीची नोंद, असले कागद रद्दी समजून टाकले जातात. ते नसते तर हा स्तंभ आपणांस निम्माच वाचतां आला असता. आपल्या बंदरांतील व मच्छीमारांच्या वाड्यांतील असे कागद ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं ते जपून ठेवावे, अशी आमची विनंति आहे.