मुक्कामाचे पैसे कुठे जातात?

परगावी निघताना आपण बायका काय काय वाचवत नाही! आदल्या रात्री धपाटे करून ठेवतो, शेंगदाण्याची चटणी डब्यात दाबून भरतो, पाण्याच्या बाटल्या घरूनच नेतो. स्टँडवर मुलांनी भज्यांकडे बोट दाखवले की डोळे वटारतो. आणि मुक्कामाच्या गावी उतरलो की समोर जो पहिला लॉज दिसेल त्यात ‘चला, उशीर झालाय’ म्हणत शिरतो. तिथे एका रात्रीचे दीड हजार मोजले जातात, तेव्हा मात्र आपण गप्प! चटणीने वाचवलेले पन्नास रुपये कुठल्या कुठे गेलेले असतात.

आमचे शिरूर अनंतपाळ हे तालुक्याचे ठिकाण खरे, पण मोठा दवाखाना असो, मुलाची परीक्षा असो की देवदर्शन, आधी एस.टी.ने लातूर गाठायचे आणि मग पुढे जायचे. त्यामुळे बाहेरचा मुक्काम आम्हाला काही चुकत नाही. तुमच्याही गावची गोष्ट फार वेगळी नसावी.

मला हा धडा सासूबाईंच्या आजारात मिळाला. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या गळ्याशी गाठ आली, लातूरच्या डॉक्टरांनी मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात जायला सांगितले. सोयाबीनचे पैसे नुकतेच हाती आले होते, ते बरोबर घेऊन आम्ही निघालो. मुंबईत कोणी ओळखीचे नाही. टॅक्सीवाल्याने एका लॉजच्या दारात नेऊन सोडले. खोली एवढीशी, खिडकी भिंतीकडे उघडणारी, भाडे दिवसाला अठराशे. ‘दोन दिवसांचा तर प्रश्न आहे,’ असे आमचे हे म्हणाले. तपासण्यांना नऊ दिवस लागले. सोळा हजार दोनशे रुपये नुसत्या भाड्याचे झाले! घरी येऊन वहीत हिशेब मांडला तर त्या खेपेची औषधे आणि तपासण्या मिळून त्याहून कमी भरल्या.

गंमत म्हणजे (गंमत कसली, अंगावर काटाच) नवव्या दिवशी रांगेत शेजारी बसलेल्या बाईने सहज विचारले, “कुठं उतरलाव बाई?” मी लॉजचे भाडे सांगितले तर तिने कपाळाला हात लावला. ती दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहत होती. बाहेरगावच्या कॅन्सरच्या रुग्णांना आणि सोबतच्या माणसाला तिथे अगदी थोड्या पैशांत राहता येते. आम्ही नऊ दिवस त्याच भागात फिरत होतो, पण विचारायचे कोणाला आणि कसे, हेच सुचले नाही. रुग्णालयात समाजसेवा विभाग असतो, तिथे बसलेल्या ताई-दादांचे कामच हे असते. नाव नोंदवल्या दिवशीच तिथे जायचे आणि सरळ सांगायचे, ‘आम्ही लांबून आलोय, राहायची सोय सांगा.’ धर्मशाळेला रुग्णालयाचे कागद दाखवावे लागतात. जागा लगेच मिळेलच असे नाही, कधी थांबावे लागते. म्हणून निघण्याआधी फोन करावा आणि फाइलीच्या झेरॉक्स जवळ ठेवाव्यात.

गाडगेबाबांचे नाव निघाले म्हणून सांगते. १८७६ साली जन्मलेल्या या माणसाने अंगावर चिंध्या पांघरून, हातात खापर धरून लोकांकडून पैसा गोळा केला आणि पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. त्याच्याही आधी अहिल्याबाई होळकरांनी देशभर तीर्थांच्या ठिकाणी घाट आणि धर्मशाळा बांधल्या. वाटसरूला छप्पर देणे हे आपल्याकडे जुने पुण्यकर्म आहे. तेव्हा धर्मशाळेत उतरण्यात कमीपणा कसला? आमच्या जाऊबाईंना मात्र अजून वाटतो. ‘लोक काय म्हणतील’ म्हणतात. लोक मुंबईत आपले भाडे भरायला येत नाहीत, हे मी त्यांना दोनदा सांगून पाहिले!

दुसऱ्या खेपेपासून आम्ही आणखी एक केले. लातूरहून रात्री निघणारी रेल्वे सकाळी मुंबईत पोचवते. रात्री झोपून जायचे, दिवसभर काम उरकायचे आणि त्याच रात्री परत फिरायचे. नुसती तपासणी असेल तर मुक्कामच पडत नाही. कॅन्सरचा रुग्ण उपचाराला किंवा तपासणीला जात असेल तर त्याला रेल्वेच्या स्लीपर आणि थर्ड एसीच्या भाड्यात पूर्ण सवलत असते आणि सोबत्याला पंचाहत्तर टक्के. त्यासाठी रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. ज्येष्ठ नागरिकांची रेल्वे सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली तेव्हा सगळ्याच सवलती गेल्या असे समजून कितीतरी घरे पूर्ण तिकीट काढतात. रुग्णांची सवलत चालू आहे, बरे का! आणि मधेच अंग टेकायला जागा हवी असेल तर मोठ्या स्टेशनांवर विश्रांतीच्या खोल्या असतात. पक्के तिकीट असले की त्या बारा किंवा चोवीस तासांसाठी मिळतात. पहाटे उतरून आंघोळ करायची तर बारा तास पुष्कळ झाले.

आता देवाधर्माच्या मुक्कामाकडे वळू या, कारण आपल्या सहली बहुतेक तिकडेच असतात. तुळजापूर आम्हाला जवळ. तिथे आपापल्या घराण्याचे पुजारी असतात, त्यांच्याकडे उतरायची जुनी रीत आहे. घरचे जेवण मिळते, ओळखीची माणसे असतात. पण खरे बोलायचे तर दक्षिणा, पूजा, नैवेद्य धरून हिशेब केला की कधीकधी लॉज स्वस्त पडतो! एका रात्रीचे दर्शन असेल तर मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा आणि नवरात्र टाळले की त्याच खोलीचे भाडे उतरते. पंढरपूरलाही आषाढी-कार्तिकी सोडून, आणि जमल्यास एकादशीही सोडून जावे. मंदिर समितीचे भक्तनिवास आहे, शिवाय शेगावच्या गजानन महाराज संस्थानाची शाखा आहे. या संस्थानाच्या शाखा आळंदी, त्र्यंबकेश्वर आणि ओंकारेश्वर इथेही आहेत. स्वच्छतेच्या बाबतीत त्यांचा हात धरणारे कोणी नाही. खोली पाळीने मिळते, तेव्हा सकाळी लवकर पोचावे.

नांदेडला सचखंड गुरुद्वाराची यात्री निवासे आहेत. २००८ साली गुरुगादीच्या त्रिशताब्दीच्या वेळी तिथे यात्रेकरूंसाठी मोठी सोय उभी राहिली. लंगरमध्ये जेवण कोणालाही मिळते. डोक्यावर पदर हवा आणि आमच्याकडच्या आजीबाईंनी मिश्रीची डबी घरीच ठेवावी, तंबाखू तिथे अजिबात चालत नाही.

लॉजमध्येच उतरायची वेळ आली तर? उतरा की! पण काउंटरवर भाव विचारण्याचे काम यांच्यावर सोपवू नका. भाजीवाल्याशी एका जुडीवरून वाद घालणारी पुरुषमंडळीसुद्धा लॉजच्या काउंटरवर एकदम साहेब होतात. आपण पुढे व्हावे आणि विचारावे : कर धरून किती? जास्तीच्या गादीचे किती? गरम पाणी कधी येते? आणि सगळ्यात महत्त्वाचे, दिवस मोजतात तो चोवीस तासांचा की दुपारी बाराचा? आमच्या एका नातलगांनी पहाटे पाचला खोली घेतली आणि दुपारी बाराला एक दिवस भरला. झोपले सात तास आणि दिले दोन दिवसांचे! बाराचा हिशेब असेल तर सामान ठेवायला जागा मागावी, दर्शन उरकावे आणि खोली दुपारीच घ्यावी.

कराचेही ध्यानात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवर जीएसटी ५ टक्के झाला आहे, आधी तो १२ टक्के होता. म्हणजे बाराशेच्या खोलीवर १४४ रुपयांच्या जागी आता ६०. जुन्याच सवयीने कोणी बारा टक्के लावले तर पावतीवर बोट ठेवून विचारायला हरकत नाही. देवस्थानच्या आवारातली न्यासाची खोली दिवसाला हजाराच्या आतली असेल तर तिच्यावर करच नाही.

एक फसवणूक फार वाढली आहे, तिच्याबद्दल सांगायलाच हवे. मोबाइलवर देवस्थानच्या भक्तनिवासाचे नाव टाकून शोधले की हुबेहूब दिसणारी खोटी पाने पुढे येतात. फोन उचलणारा गोड बोलतो, ‘दोनच खोल्या उरल्यात, लगेच पैसे पाठवा’ म्हणतो. शिर्डीपासून सोमनाथ-पुरीपर्यंत भाविक असे फसले आहेत. खासगी नंबरवर किंवा एखाद्या माणसाच्या नावाने पैसे मागितले की ओळखावे. देवस्थानची पावती संस्थेच्याच नावाने असते. शंका आली तर आगाऊ भरूच नये.

आणि जिथे पैसे वाचवू नयेत तेही सांगते. मुलगी परीक्षेला निघाली असेल, सोबत दुसरे कोणी नसेल, तर दोनशे-चारशे जास्त गेले तरी चालतील. दाराची कडी आतून नीट लागते का, जिन्यात दिवा आहे का, संडास-बाथरूम खोलीतच आहे का, हे सामान वर नेण्याआधी बघावे. खोली न बघता पैसे देऊ नयेत. ‘खोली दाखवा’ म्हटल्यावर जो मॅनेजर तोंड वाकडे करतो, त्याच्याकडे राहायचे नाही. मी एक छोटे कुलूप, दोरी आणि जुनी चादर पिशवीत कायम ठेवते. चादर धर्मशाळेत लागते, कुलूप सगळीकडे.

माझ्या हिशेबाच्या वहीचे शेवटचे पान आता मुक्कामाचे आहे. कुठे उतरलो, किती दिले, पाणी कसे होते, बाई-माणसाला ठीक आहे का, एवढे चार शब्द त्यात असतात. गल्लीतल्या बायका निघण्याआधी ते पान बघायला येतात आणि आल्यावर स्वतःचे लिहूनही जातात. परवा कोणीतरी अक्कलकोटचे लिहिले, त्याखाली ‘डास फार’ असेही लिहिले आहे!

सासूबाईंची पुढची तपासणी येत्या महिन्यात आहे. रात्रीच्या गाडीची तिकिटे काढली, सवलतीचा दाखला फाइलीत लावला. या खेपेला डॉक्टरांनी दोन दिवस थांबायला सांगितले आहे, तेव्हा सोमवारी धर्मशाळेत फोन करायचा आहे.