नाईलवरून आलेला चषक

न्यूझीलंडचं नाव निघालं की आपल्याला काळ्या जर्सीतला रग्बी संघ आठवतो, फार तर क्रिकेटपटू केन विल्यमसन. त्या देशातल्या शाळांना मात्र मार्चअखेरचा एक आठवडा वर्षभर खुणावत असतो. त्या आठवड्यात 'माडी' असते. माडी म्हणजे शालेय नौकानयनाची राष्ट्रीय स्पर्धा. देशाची लोकसंख्या जेमतेम त्रेपन्न लाख, पण शंभराहून जास्त शाळांची दोन हजारांवर मुलं-मुली एका तळ्याकाठी जमतात आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकामागून एक शर्यती सुटत राहतात.

स्पर्धेला हे नाव मिळालं ते इजिप्तमुळे. माडी हे कैरोचं उपनगर. दुसऱ्या महायुद्धात न्यूझीलंडच्या सैन्याचा मोठा तळ तिथे होता. त्या सैनिकांत घरी असताना नावा वल्हवणारे बरेच होते. समोर नाईल वाहत होती आणि काठावर स्थानिक क्लबची बोटशेड होती, तेव्हा त्यांना राहवलं नाही. 1943 मध्ये त्यांच्या आणि इजिप्शियन वल्हेकऱ्यांच्या शर्यती झाल्या. तिथे मिळालेला चषक युद्धानंतर मायदेशी आला, आणि कुठल्या पलटणीच्या मेसमध्ये धूळ खात पडण्याऐवजी शाळांच्या आठ वल्हेकऱ्यांच्या नावेच्या, म्हणजे 'एट'च्या, शर्यतीसाठी ठेवला गेला. 1947 पासून त्यासाठी शर्यत होऊ लागली. आज स्पर्धेत वेगवेगळ्या वयोगटांच्या आणि होड्यांच्या कितीतरी शर्यती असतात, पण मूळ माडी चषक अजूनही अठरा वर्षांखालच्या मुलांच्या 'एट'लाच मिळतो. मुलींच्या 'एट'साठी लेव्हिन ज्युबिली चषक आहे. वांगानुई कॉलेजिएट या शाळेनं माडी चषक सर्वाधिक वेळा जिंकला आहे.

स्पर्धा आलटून पालटून दोन तळ्यांवर भरते. उत्तर बेटावर कारापिरो, दक्षिण बेटावर रुआतानिव्हा. दोन्ही तळी माणसानं, वीजनिर्मितीसाठी बांधलेली आहेत. वायकातो नदी अडवून 1947 मध्ये कारापिरो भरलं. पुढे 1978 आणि 2010 ची जागतिक नौकानयन स्पर्धा तिथेच झाली. रुआतानिव्हाजवळचं ट्वायझल हे गाव 1968 मध्ये धरणाच्या कामगारांसाठी वसवलं गेलं, आणि काम संपलं की ते मोडायचं असं ठरलेलं होतं. गावकऱ्यांनी हट्टानं ते टिकवलं. दीड-दोन हजार वस्तीच्या या गावात माडीच्या आठवड्यात जत्रेसारखी गर्दी होते. खेळाडू, पालक, प्रशिक्षक, तंबू आणि लांबलचक ट्रेलर यांनी ते भरून जातं. 'एट' सतरा मीटरहून लांब असते, म्हणून ती दोन तुकड्यांत सुटी करून आणतात आणि काठावर पान्यानं जोडतात. दुसऱ्या बेटावरच्या शाळांना नावांचे हे ट्रेलर फेरीबोटीतून कुकची सामुद्रधुनी ओलांडून न्यावे लागतात.

शर्यत 2,000 मीटरची. चांगल्या 'एट'ला सहा मिनिटांच्या आसपास वेळ लागतो. तेवढ्या वेळात दोनशेच्या वर वल्ही पडतात. वल्हेकऱ्यांची तोंडं मागे असतात, त्यामुळे आपण कुठे चाललोय ते आठांपैकी कुणालाच दिसत नाही. ते फक्त कॉक्सला दिसतं. कॉक्स म्हणजे नावेच्या शेपटाशी सुकाणू धरून बसलेला, अंगानं लहान आणि आवाजानं मोठा मुलगा किंवा मुलगी. त्याच्या समोरचा आठवा वल्हेकरी 'स्ट्रोक'. लय तो ठरवतो, बाकीचे त्याच्या मागे. मधल्या जागांवर सगळ्यात दणकट मुलं बसतात. टोकाशी हलकी आणि हुशार. बैठका चाकांवर मागेपुढे सरकतात, म्हणून खरं बळ हातांपेक्षा मांड्यांचं लागतं. टीव्हीवर पाहणाऱ्याला हा दंडांचा खेळ वाटतो. तो तसा नाही.

त्या सहा मिनिटांचा हिशेबही क्रूर असतो. सुटताना पाण्यावर जोर काढून नाव पळवायची, मग श्वास आणि लय सांभाळायची. पहिल्या हजार मीटरनंतर पाय जळायला लागतात आणि शेवटच्या पाचशेत कॉक्स सांगेल ते डोळे मिटून ऐकायचं. एखाद्याचं वल्हं पाण्यातून वेळेवर बाहेर निघालं नाही तर वल्ह्याची मूठ उलटून छातीवर आदळते. याला खेकडा धरणं म्हणतात. जोराचा खेकडा बसला तर मुलगा नावेबाहेर फेकला जाऊ शकतो. जिंकल्यावर मात्र कॉक्सला पाण्यात फेकतात आणि त्याबद्दल त्याची तक्रार नसते.

नावेत कोण बसणार हे ठरवण्याची पद्धत मला सगळ्यात विलक्षण वाटते. चौघांच्या दोन नावा शेजारी शेजारी पळवायच्या. मग काठाला न येता दोन्ही नावांतला एकेक मुलगा अदलाबदल करायचा आणि तेच अंतर पुन्हा पळायचं. आधी एक नाव किती पुढे होती आणि आता किती, यातला फरक म्हणजे त्या दोन मुलांमधला फरक. शिफारस नाही, आडनाव नाही, बापाची देणगीही नाही. व्यायामाच्या रोइंग यंत्रावर उत्तम आकडे काढणारा मुलगा इथे मागे पडतो, आणि काडीसारखा दिसणारा एखादा ज्या नावेत बसेल ती नाव पळायला लागते. आपल्या शालेय खेळांच्या निवड समित्यांनी हा प्रकार एकदा डोळ्यांनी पाहायला हवा.

सगळंच इतकं स्वच्छ आहे असं नाही. एक चांगली 'एट' घ्यायची तर हजारो डॉलर लागतात. जुन्या, श्रीमंत खासगी शाळांना ते परवडतं. सरकारी शाळांचे पालक सॉसेज भाजून विकतात, निधी गोळा करतात, जुन्या नावा विकत घेतात आणि तरीही काही वर्षी जिंकतात. पालकांचा हा जीव कधी कधी अतीही होतो. 2015 मध्ये स्पर्धेला निघालेल्या क्राइस्टचर्चच्या सेंट बीड्स शाळेची दोन मुलं ऑकलंड विमानतळावर सामानाच्या फिरत्या पट्ट्यावर चढली. शाळेनं त्यांना स्पर्धेतून काढलं. पालक थेट उच्च न्यायालयात गेले आणि मनाई हुकूम मिळवून मुलांना नावेत बसवलं. देशभर वाद पेटला. माझ्या मते शिस्तीचा निर्णय शाळेकडेच राहायला हवा होता. पण या खेळात शिक्षा दोघांपुरती राहत नाही हेही खरं. वर्षभर एका लयीत घडवलेल्या आठांतून दोघांना उठवलं की उरलेल्या सहांची नावही तिथेच बुडते.

एवढा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर ऑलिंपिकच्या पदकतक्त्यात सापडतं. जोडीदार एरिक मरेबरोबर सलग 69 शर्यती न हरणारा, 2012 आणि 2016 ला सुवर्ण जिंकणारा हॅमिश बाँड ड्युनेडिनच्या ओटागो बॉइज हायस्कूलचा. टोकियोत एकेरीचं सुवर्ण घेणारी एमा ट्विग नेपियर गर्ल्स हायस्कूलची. अपवादही आहेत. दोन वेळचा ऑलिंपिक विजेता माहे ड्रायस्डेल वल्हं हातात धरू लागला तो विद्यापीठात गेल्यावर. पण देशाची मुख्य फौज येते ती शाळांच्या बोटशेडमधूनच. तेरा-चौदाव्या वर्षी पहाटे पाचला गार पाण्यावर उतरणारी ही मुलं असतात.

आपल्याकडे हे उलटं आहे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ सैन्यात गेला आणि तिथे, विशीत, पहिल्यांदा नावेत बसला. पाण्याची टंचाई असलेल्या गावातला हा मुलगा 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरीत तेरावा आला आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेतून सुवर्ण घेऊन आला. भारताचं नौकानयन आज बहुतांशी लष्कराच्या खांद्यावर उभं आहे. पुण्यात मुळेच्या पाण्यावर इंजिनिअरिंग कॉलेजची रेगाटा 1928 पासून होते, पण ती कॉलेजची. शाळकरी मुलासाठी आपल्याकडे जवळपास काहीच नाही.

पाणी नाही ही सबब इथे चालणार नाही. माडी ज्या दोन तळ्यांवर भरते ती दोन्ही धरणाचीच, आणि देशात सर्वाधिक मोठी धरणं महाराष्ट्रात आहेत. उन्हाळ्यात जलाशय आटतात, काठ उघडे पडतात, पिण्याच्या पाण्याचे नियम आडवे येतात, हे मान्य. म्हणून शर्यती पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर ते जानेवारीत घ्याव्यात. धरणाजवळच्या पाच-सहा शाळांनी मिळून दोन जुन्या नावा, एक प्रशिक्षक, लाइफ जॅकेट आणि सुरक्षेची एक मोटरबोट एवढ्यावर सुरुवात करावी. जलसंपदा विभागानं आणि क्रीडा खात्यानं एका जलाशयावर दोन हजार मीटरचा पट्टा तेवढा आखून द्यावा.