कडक भाकरीचा बाजार

सोलापुरात ज्वारीची कडक भाकरी विकणाऱ्या गृहोद्योगांपाशी बाजाराच्या पाहणीचे स्वतंत्र खाते नसते; परंतु कोणता जिन्नस कोणत्या महिन्यात खपला, दुकानदाराने काय परत धाडले, परगावच्या गिऱ्हाइकाने कशाची फर्माईश केली, याची वहीत रोजच्या रोज होणारी नोंद हेच त्यांचे दप्तर होय. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष जाहीर केल्यानंतर कोणी बाजरीची भाकरी मागू लागले, तर ती मागणीही याच वहीत प्रथम उमटते. माझ्या मते खपलेल्या मालापेक्षा परतीचा मालच अधिक शिकवतो: पुडक्याच्या तळाशी चुरा साचलेला दिसला, म्हणजे भाकरीचा आकार लहान करावा की वेष्टन जाड घ्यावे, हा विचार तेथूनच सुरू होतो. नवा जिन्नस मात्र आरंभी थोडाच करून ओळखीच्या दुकानांत ठेवावा आणि त्याच गिऱ्हाइकाची दुसरी मागणी आल्यावरच नियमित करावा, कारण पहिली खरेदी बहुधा कुतूहलापोटी होते.