आपत्ती, दुःख आणि धर्म



मुळा आणि पवना यांच्या बेचक्यात आपली सांगवी वसली आहे. वरच्या धरणांतून पाणी सोडले की मुळानगर, मधुबन या भागांत ते उंबरा ओलांडून येते, हे इथल्या मंडळींना मी सांगायला नको. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२४ चा जुलै आपण पाहिला आहे. अशा वेळी शाळेच्या वर्गात हलविलेल्या कुटुंबाला प्रथम कोरडे कपडे, अन्न आणि आपली माणसे कुठे आहेत याची खबर हवी असते. तोपर्यंत कोणी तत्त्वज्ञान सांगू नये. परंतु पोटाची सोय झाली तरी रात्री झोप येत नाही आणि मन एकच प्रश्न विचारू लागते : हे माझ्याच वाट्याला का? या प्रश्नाशी धर्माचा फार जुना संबंध आहे. तो माणसाला केव्हा तारतो आणि केव्हा बुडवितो, एवढेच आज पाहावयाचे आहे.

पूर ओसरला की निदान घर धुता तरी येते. किल्लारीला तेवढेही उरले नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. अनंत चतुर्दशीचे गणपती पोचवून लोक उशिरा झोपले होते. ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील जमीन हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचे मातीचे अवजड धाबे निजलेल्या माणसांवर कोसळले. सरकारी गणनेप्रमाणे जवळजवळ ८ हजार माणसे गेली. ज्या देवाला रात्री वाजतगाजत निरोप दिला त्याच रात्री हे घडावे! ढिगाऱ्यातून वाचलेल्या आईच्या मनात आले असेल, आमचेच काही चुकले.

या ‘चुकले’ला दुजोरा देण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात भूकंप झाला, तेव्हा गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने केलेली शिक्षा आहे असे म्हटले. हेतू उदात्त होता, यात शंका नाही. परंतु रवींद्रनाथांना ते पटले नाही. निसर्गातील घटनेला नैतिक कारण चिकटविणे बुद्धीला धरून नाही, असा त्यांचा आक्षेप होता, आणि गांधीजींनी तो आपल्या ‘हरिजन’मध्ये छापलाही. मला या वादात रवींद्रनाथांची बाजू बरोबर वाटते. आणि त्याला केवळ तर्कशास्त्राचे कारण नाही. अमेरिकेतील केनेथ पार्गामेंट या मानसशास्त्रज्ञाने संकटातील श्रद्धेचा दीर्घकाळ अभ्यास केला. देव आपल्या सोबत आहे असे ज्यांना वाटते ती माणसे पुष्कळदा सावरतात. देव आपल्याला शिक्षा करीत आहे किंवा त्याने आपल्याला टाकले आहे असे ज्यांना वाटते त्यांचे खचणे वाढते, असे त्यात दिसून आले. मेलेल्या मुलाच्या आईला ‘पूर्वकर्म’ सांगणारा शेजारी सांत्वन करीत नसतो. तो तिच्या दुःखावर आरोपाचा बोजा चढवीत असतो.

मग धर्म देतो काय? माझ्या समजुतीप्रमाणे त्याची उत्तरे फारशी उपयोगी पडत नाहीत. त्याचे विधी पडतात. सुतकातल्या घरात चूल पेटत नाही. शेजारी पिठलंभात घेऊन येतात आणि ‘कडू घास’ म्हणून बळेच दोन घास खाऊ घालतात. मग सावडणे, दहावा, तेरावा. मुसलमानांत तीजा आणि चाळीसावा. ज्याला उद्याचा दिवस कसा काढावा हे कळत नाही, त्याला हे ठरलेले दिवस हाताला धरून पुढे नेतात. दहाव्याचा कावळा तर मला मोठा मनोवैद्य वाटतो! पिंडाला तो शिवेना की नातेवाईक एकेक पुढे होतात आणि हात जोडून गेलेल्या माणसाला मोठ्याने सांगतात : पोरीचे लग्न आम्ही करू, कर्ज फेडू, म्हातारीला सांभाळू. मनात कोंडलेली भीती चारचौघांत बोलली जाते आणि तिला जबाबदार माणूसही तिथेच मिळतो. कावळा शिवतो की नाही हा प्रश्न त्यापुढे गौण आहे.

किल्लारीत नेमके हेच हिरावले गेले. प्रेते सामुदायिक चितांवर गेली. कित्येकांना आपल्या माणसाला अग्नी देता आला नाही. रोगराईची भीती हे अशा घाईचे नेहमीचे कारण. परंतु भूकंप, पूर यांत मेलेल्यांच्या देहांमुळे सहसा साथी पसरत नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगत आली आहे; ओळख न पटविता केलेली सामूहिक विल्हेवाट मात्र मागे राहिलेल्यांना वर्षानुवर्षे छळते. ज्याचा देह सापडला नाही त्याच्याविषयी मन ‘गेला’ही म्हणत नाही आणि ‘आहे’ही म्हणत नाही. आपल्या धर्मशास्त्रकारांना ही अडचण ठाऊक होती. ३६० पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, असा पालाशविधी त्यांनी सांगून ठेवला आहे. देहाविना पढली जाणारी गायबाना नमाज त्याच गरजेची.

साथीच्या रोगांत सावधगिरी हवीच. तिथेही वाट निघते. १८९७ च्या प्लेगात पुण्यात घरे तपासताना लोकांच्या देवघराची आणि रीतीची पर्वा केली गेली नाही; त्याचा संताप इतिहासाला ठाऊक आहे. उलट २०१४ साली पश्चिम आफ्रिकेतील इबोलाच्या साथीत धर्मगुरूंशी बोलून सुरक्षित आणि सन्मानाच्या दफनाची पद्धत ठरविण्यात आली. आपत्तीतील मानसिक आधाराविषयी २००७ साली निघालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेतही धार्मिक विधींना वाव द्यावा, असे स्वतंत्र कलम आहे.

आपल्याच जिल्ह्यातील माळीण ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगराखाली गेले. १५१ माणसे दगावली. चिखलातून देह काढण्याचे काम सुमारे आठवडाभर चालले. ते इतके दिवस नेटाने चालले, हा माझ्या दृष्टीने मानसोपचाराचाच भाग होता.

पण विधींची एक मर्यादा आहे, आणि ती ओलांडली की अनर्थ होतो. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडीला दर्ग्याच्या आश्रयाने आणलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले. ते साखळदंडांनी बांधलेले होते. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात निराळा मार्ग काढला गेला. तिथे मुजावर दुआ करतात आणि त्याच आवारात डॉक्टर औषध देतात. ‘दवा-दुआ’ असेच त्या उपक्रमाचे नाव आहे.

मदतीच्या मोबदल्यात श्रद्धा मागणे हा आणखी एक दोष. रेडक्रॉस आणि इतर संस्थांच्या १९९४ च्या आचारसंहितेने तो स्पष्ट निषिद्ध ठरविला. धर्माच्या नावाची संस्था असली तरी तिचे काम शाळेचे असू शकते. किल्लारी भागातील सुमारे १२०० मुलांना भारतीय जैन संघटनेने पुणे जिल्ह्यात आणून शिकविले, ते वाघोलीचे काम पुष्कळांनी पाहिले असेल.

उद्या सांगवीच्या शाळेत पुन्हा सतरंज्या पडल्या, तर एखाद्या आजींना देव मांडायला कोपरा आणि एखाद्या चाचांना नमाजाला जागा स्वयंसेवकांनी न मागता द्यावी. काही आठवड्यांनंतरही एखाद्याची झोप परतली नाही, त्याने अन्न टाकले किंवा तो मरणाची भाषा बोलू लागला, तर अंगाऱ्यावर थांबू नये. औंधचे जिल्हा रुग्णालय जवळ आहे. आणि सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालते. तिला फोन करता येतो, आणि तो शेजाऱ्यानेही केला तरी चालतो.