पॅकेजात रात्र धरलेली नाही

सलाईनची एक लिटरची बाटली. तीत दोन टक्क्यांचं लिग्नोकेन २५ मिली, अ‍ॅड्रेनलिनचा एक अँप्यूल, वरून सोडा बायकार्ब. सिस्टर मिश्रण करते आणि प्रत्येक बाटलीवर मार्करने आकडा टाकते. भूलतज्ज्ञ मॅडम फळ्यावर गुणाकार मांडतात. पेशंटचं वजन ७० किलो. किलोमागे ३५ मिलिग्रॅम धरलं तर २४५०. एका बाटलीत ५००. "चार बिनधास्त, पाचवी मोजून," असं म्हणत त्या पाचवी बाटली ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात सरकवतात.

नागपूरच्या धंतोलीतलं हे थिएटर. माझ्या चुलत वहिनींना पोटावरची चरबी काढून घ्यायची आहे. त्यांची भुलेची तपासणी दुपारी. सकाळच्या पेशंटने हरकत घेतली नाही म्हणून मला आत कोपऱ्यात उभं राहता आलं. बालाघाट, वारासिवनी, कटंगी, लांजी इकडची माणसं मोठ्या दुखण्याला आधी गोंदिया आणि मग नागपूरच गाठतात. जबलपूर आपल्या मध्य प्रदेशात असलं तरी जीव नागपूरवर. आता हौसेची ऑपरेशनंही त्याच वाटेने येतात.

बधिर करणारं लिग्नोकेन एरवी अ‍ॅड्रेनलिनसह किलोमागे ७ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. इथे पाचपट चालतं, कारण औषध भरपूर पातळ केलेलं असतं, चरबीत रक्त कमी खेळतं आणि अ‍ॅड्रेनलिनने वाहिन्या आवळलेल्या असतात. कॅलिफोर्नियातले त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी १९८० च्या दशकात ही रीत बसवली. त्याआधी लायपोसक्शनमध्ये रक्त इतकं जायचं की बाटल्या चढवाव्या लागत.

हे पाणी चरबीत सोडल्यावर पोट टम्म फुगतं, कातडी पांढरीफटक पडते. सर्जन थोडं थांबतात. मग काही मिलिमीटरच्या छिद्रातून बोथट नळी आत जाते आणि ताकात रवी फिरावी तसा हात मागेपुढे चालू होतो. मला वाटलं होतं, काम नाजूक असेल. प्रत्यक्षात ते अंगमेहनतीचं आहे. अर्ध्या तासात सर्जनच्या कपाळाला घाम. डावा हात मात्र सारा वेळ पोटावर सपाट ठेवलेला, नळीचं टोक कुठे आहे ते कातडीवरून चाचपत. टोक भलतीकडे घुसलं तर आतडं फाटू शकतं.

भांड्यात वर पिवळी चरबी तरंगते, खाली लालसर पाणी साचतं. सिस्टर दर थोड्या वेळाने आकडा ओरडते. सगळं मिळून पाच लिटर ही लक्ष्मणरेषा. त्यापुढे गेलात तर पेशंटला रात्रभर देखरेखीत ठेवायचं, असा जगभरचा शिरस्ता. शिरेतून जाणारं सलाईनही मॅडम मुद्दाम बारीक ठेवतात. चरबीत सोडलेलं पाणी शेवटी रक्तातच येतं; हिशेब चुकला की फुप्फुसात साचतं.

आणि एवढ्या खटाटोपात वजन किती उतरतं? एक लिटर चरबी म्हणजे जेमतेम ९०० ग्रॅम. सर्जन हे प्रत्येकाला सांगतात, पेशंट मान डोलावतात आणि घरी गेल्यावर वजनकाट्यावर उभे राहतात.

थिएटरबाहेर चहा घेताना मॅडमनी घड्याळाचा हिशेब सांगितला. पाण्यातलं लिग्नोकेन रक्तात सर्वांत जास्त चढतं ते साधारण १० ते १४ तासांनी. सकाळी नऊला सुरू केलेल्या केसचा कळस रात्री नऊ-दहाला. डे-केअरवाला पेशंट तेव्हा कुठे असतो? गोंदिया सोडून, राजेगावच्या पुलावरून बाघ नदी ओलांडून, बालाघाटच्या रस्त्यावर. जीभ बधिर, कानात गुणगुण, बरळणं सुरू झालं तर गाडीतली माणसं म्हणतात, भूल उतरतेय, झोपू दे.

त्यात चार-पाच तास पाय लोंबकळत ठेवून बसणं. पायातल्या शिरेत गुठळी धरली तर ती काही दिवसांनी छातीत जाऊ शकते. वजन उतरवायच्या बॅरिएट्रिक ऑपरेशनचं त्याहून वाईट. त्यातल्या स्लीव्ह प्रकारात जठराचा सुमारे तीनचतुर्थांश भाग कापून टाकतात. टाक्यांची ओळ पाझरली तर बरेचदा पेशंट घरी पोचल्यावरच कळतं. पोट फारसं दुखेलच असं नाही. नाडी तेवढी धावते. गावातला डॉक्टर अ‍ॅसिडिटीची गोळी देतो. त्याला दोष कसा द्यावा? काय कापलंय हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

बातमी होते ती दवाखान्यात गेलेल्या जीवाची. मे २०२२ मध्ये कन्नड मालिकांतली २१ वर्षांची चेतना राज बंगळूरला चरबी काढायला दाखल झाली आणि त्याच दिवशी गेली; देशभर गाजलं. घरी परतून चौथ्या-पाचव्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात गेलेल्याची नोंद 'अचानक गेला' एवढीच होते.

दुपारी वहिनी समोर बसल्या. बीपी, साखर, ईसीजी झालं. मग मॅडमनी विचारलं, "सिकलिंग केलंय का जी?" वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या. इकडच्या पट्ट्यात हा प्रश्न टाळून चालत नाही. सिकलसेल विदर्भात आहे, बालाघाट-मंडल्याकडेही आहे. एसएस पॅटर्नच्या, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून दोष आलेल्या माणसाला थंडी, अंगातलं पाणी कमी होणं, ऑक्सिजन उतरणं, यांतलं काहीही जिवावर बेतू शकतं. थिएटरात एसी, सकाळपासून उपाशी पोट. परगावचं पॅकेज विकणारा हे कशाला विचारेल?

पुढचा प्रश्न वजन उतरवायच्या इंजेक्शनचा. वहिनींनी आधी नाही म्हटलं. मग भाऊ बाहेर गेल्यावर हळूच सांगितलं, दर रविवारी पोटावर घेते, मैत्रिणीने आणून दिलं. २०२५ मध्ये माउंजारो आणि वेगोवी ही इंजेक्शनं भारतात आली तेव्हापासून हे उत्तर वाढलंय, असं मॅडम म्हणाल्या. या औषधाने जठर सावकाश रिकामं होतं. आठ तास उपाशी असूनही पोटात अन्न उरलेलं असू शकतं आणि भुलेत ते उलटून श्वासनलिकेत जाऊ शकतं. त्यांनी केसपेपरवर लाल पेनने लिहिलं, किमान एक आठवडा बंद, सिकलिंगचा रिपोर्ट आल्याशिवाय तारीख नाही. खाली आणखी एक ओळ: ऑपरेशननंतर दोन रात्री नागपुरातच.

भाऊ आत आले, कागद वाचला.

"दोन रात्री काहून? डे-केअर म्हणले होते ना."

मॅडमनी नऊ वाजता सुरू होणारा तो हिशेब पुन्हा सांगितला, राजेगावच्या पुलासकट. भाऊंनी ऐकून घेतलं.

"मग खोलीचं भाडं पॅकेजातच ना जी?"

"वेगळं," रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली.