विजेची रेल्वे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी (आताचं सीएसएमटी) ते कुर्ला या हार्बर मार्गावर भारतातली पहिली विजेची गाडी धावली. तिची आठवण निघाली की कौतुक होतं ते गाडीचं. पण विजेची गाडी धावते ती रुळांच्या कडेला आणि डोक्यावर उभ्या केलेल्या यंत्रणेच्या जिवावर. त्या यंत्रणेबद्दलचे हे काही गैरसमज.

गैरसमज : वीज आली आणि रेल्वेचा कोळसा सुटला.
वस्तुस्थिती : कोळसा इंजिनातून गेला, रेल्वेतून नाही. ही गाडी चालवणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेने ठाकुर्लीजवळ चोळे इथे स्वतःचं वीजकेंद्र उभारलं आणि ते कोळशावरच चालायचं. त्याच्या जोडीला टाटांची जलविद्युत होती. खोपोली, भिवपुरी आणि १९२७ पासून भिरा ही त्यांची केंद्रं. भिऱ्याला पाणी मुळशी धरणाचं. त्या धरणासाठी जमिनी जाणार म्हणून मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ पासून सत्याग्रह केला, सेनापती बापटांनी त्याचं नेतृत्व केलं. मुंबईच्या विजेचा इतिहास सांगताना मुळशी वगळणं अन्यायाचं ठरेल.

गैरसमज : वीजकेंद्रातली वीज थेट गाडीच्या तारेत सोडत.
वस्तुस्थिती : वीजकेंद्रातून यायची ती उच्च दाबाची एसी, म्हणजे दिशा बदलत वाहणारी वीज. गाडीच्या मोटारींना हवी होती डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, कारण त्या काळी डीसी मोटारीचा वेग आणि जोर आवरणं सोपं होतं. म्हणून मार्गालगत सबस्टेशनं बांधली. तिथे सुरुवातीला रोटरी कन्व्हर्टर नावाची अवजड फिरती यंत्रं एसीची १५०० व्होल्ट डीसी करत. दाब कमी असला की प्रवाह वाढतो. ३००० किलोवॅट शक्तीसाठी १५०० व्होल्टवर २००० अँपिअर लागतात, २५,००० व्होल्टवर साधारण १२०. म्हणूनच डीसी मार्गावर तांब्याच्या तारा जाड आणि सबस्टेशनं जवळजवळ ठेवावी लागली.

गैरसमज : डोक्यावरच्या तारेतच सगळी वीज, रुळांचा तिच्याशी संबंध नाही.
वस्तुस्थिती : तारेतून आलेला प्रवाह मोटारीतून चाकांत आणि चाकांतून रुळांत उतरतो, तेव्हाच सर्किट पूर्ण होतं. रुळांचे तुकडे फिशप्लेट नावाच्या पोलादी पट्ट्यांनी जोडलेले असत. त्या सांध्यात गंज धरला की प्रवाहाला अडथळा व्हायचा. त्यामुळे सांध्यासांध्यावर तांब्याची जोडतार बसवावी लागे. हे काम नजरेत भरत नाही, पण ते कच्चं राहिलं तर वरची तार कितीही भक्कम असून भागत नाही.

गैरसमज : तार रुळांच्या मधोमध सरळ ताणलेली असते.
वस्तुस्थिती : फलाटाच्या टोकाला उभं राहून पाहा. वर एक झोळ घेतलेली तार दिसते, तिला उभ्या छोट्या तारांनी खालची संपर्क तार टांगलेली असते. झोळ वरची तार घेते, त्यामुळे खालची जवळपास सपाट राहते. ही खालची तार एका खांबापाशी मध्यरेषेच्या डावीकडे, पुढच्या खांबापाशी उजवीकडे, अशी मुद्दाम नागमोडी नेलेली असते. ती सरळ असती तर गाडीच्या टपावरून तारेला टेकून वीज घेणाऱ्या पँटोग्राफच्या पट्टीवर एकाच जागी घासून खाच पडली असती.

गैरसमज : विद्युतीकरण झालं ते फक्त मुंबईच्या लोकलसाठी.
वस्तुस्थिती : घाट हेही मोठं कारण होतं. बोरघाटात ३७ फुटांना १ फूट असा चढ आहे, वाफेच्या इंजिनांची तिथे दमछाक व्हायची. कल्याणहून पुणे आणि इगतपुरीपर्यंत १९३० पर्यंत तारा पोहोचल्या आणि घाटात मालगाड्या ‘खेकडा’ म्हणून ओळखली जाणारी विजेची इंजिनं ओढू लागली.

मुंबईतली १५०० व्होल्टची तार २०१६ मध्ये निवृत्त झाली. आता वर २५,००० व्होल्ट आहेत. इतक्या दाबाची वीज तारेला हात न लावताही जवळ आलेल्या माणसावर झेप घेऊ शकते. म्हणून टपावर किंवा उभ्या वॅगनवर चढू नका, तारेत अडकलेला पतंग काठीने काढू नका आणि मुलांनाही हे आवर्जून सांगा.