दिघीला जाताय? तिथी कोणती?

सहलीची आखणी म्हटली की आपण आधी राहायची सोय बघतो, मग गाडी, मग जमलंच तर हवामान. कोकणात दिघीला जायचं असेल तर या सगळ्याच्या आधी भिंतीवरच्या कॅलेंडरमधली तिथी बघा. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा. जो आकडा येईल, साधारण तितक्या वाजता दिघीसमोरच्या राजपुरीच्या खाडीला पूर्ण भरती असेल. चतुर्थी? चाराची पाऊणपट तीन. तीनला भरती, म्हणजे नऊच्या सुमाराला ओहोटी. अष्टमी? आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, बाराला ओहोटी. यंत्र नको, रेंज नको. पाऊणकी पाठ असलेल्या कुठल्याही आजोबांना हे तोंडी जमेल, आणि कोकणातले दर्यावर्दी पिढ्यानपिढ्या ते करत आले आहेत.

आता या हिशेबात एक गंमत बघा. चतुर्थी शुक्ल पक्षातली की वद्य पक्षातली, हे कोणी विचारलंच नाही. सकाळचे तीन की दुपारचे तीन, तेही नाही. हिशेब अर्धवट आहे का? मुळीच नाही. दोन्ही पक्षांत उत्तर एकच येतं आणि दिवसातून दोन वेळा येतं. इतक्या साध्या गुणाकारात समुद्राचं एक मोठं गुपित दडलंय: पृथ्वीवर पाण्याचा फुगवटा एक नसतो, दोन असतात. एक चंद्राच्या बाजूला, दुसरा बरोबर त्याच्या उलट बाजूला.

चंद्राच्या बाजूचा फुगवटा समजतो. तिकडचं पाणी चंद्राला जवळचं, म्हणून जास्त ओढलं जातं. पण पाठीमागचा? तिथलं पाणी चंद्रापासून सर्वात लांब, त्याच्यावरची ओढ सर्वात कमी. मधली अख्खी पृथ्वी त्या पाण्यापेक्षा जरा जास्तच चंद्राकडे खेचली जाते आणि ते पाणी मागे राहतं. मागे राहिलेलं पाणी म्हणजेच दुसरा फुगवटा. म्हणून चंद्र डोक्यावर असताना भरती, आणि चंद्र पायाखाली, पृथ्वीच्या पलीकडे, असतानाही भरती. चंद्र क्षितिजावर दिसला की ओहोटी. कॅलेंडर घरी विसरलात तरी या किनाऱ्यावर नुसतं आभाळाकडे बघून काम भागतं.

आणि पाऊणपटच का? तिथी म्हणजे चंद्रानं सूर्याच्या पुढे टाकलेलं १२ अंशांचं पाऊल. आभाळाच्या ३६० अंशांना २४ तास, तर १२ अंशांना किती? ४८ मिनिटं. म्हणजे दर तिथीला भरती ४८ मिनिटांनी पुढे सरकते. आपण धरली पाऊण तास, ४५ मिनिटं. तिथीमागे चूक फक्त तीन मिनिटांची! पौर्णिमेपर्यंत ती साठत साठत पाऊण तासाची होते, त्यामुळे पंधराची पाऊणपट सव्वाअकरा येते तेव्हा खरी भरती बाराच्या आसपास असते. जेट्टीवर जाऊन वडापाव खायला तेवढा वेळ पुरतो. नेमकी मिनिटं हवी असतील त्यांनी छापील भरतीचं कोष्टक बघावं. मला मात्र हा तोंडी हिशेबच जास्त थोर वाटतो.

आणखी एक आश्चर्य. चंद्राच्या ओढीतला जवळ-लांबचा हा फरक किती मोठा असेल? पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचा जेमतेम एक कोटीवा भाग. चंद्र डोक्यावर आला की साठ किलोच्या माणसाचं वजन सहा-सात मिलिग्रॅमनं घटतं. मग एवढ्याशा ओढीनं अख्खा समुद्र वर कसा येतो? तो वर उचललाच जात नाही. तो आडवा सरकतो. हजारो किलोमीटरच्या विस्तारातलं पाणी किंचित किंचित ढकललं जातं आणि खोल समुद्रात त्याची जेमतेम हातभर उंचीची लांबलचक लाट होते. खरी करामत पुढे, किनाऱ्यापाशी. पाण्यानं भरलेली परात घेऊन चालून बघा: मध्ये पाणी शांत आणि कडेला मात्र उसळी मारून बाहेर. मुंबईसमोरचा समुद्रतळ शेकडो किलोमीटर उथळ आहे. त्या उथळ भागात लाट मंदावते, मागचं पाणी पुढच्यावर चढतं. उत्तरेला, निमुळत्या खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरपर्यंत जातो, दक्षिणेला गोव्यात दोन मीटरच्या घरात उतरतो. दिघी या दोहोंच्या मध्ये, पण मुंबईला जवळ. उधाणाच्या दिवशी इथलं पाणी तीन मीटरांहून जास्त चढतं-उतरतं.

तीन मीटर म्हणजे किती, ते खाडीच्या हिशेबात मांडू या. खाडीचा फक्त एक चौरस किलोमीटर घ्या. त्यावर तीन मीटर पाणी चढलं की झालं तीनशे कोटी लिटर. दहा हजार लिटरचे तीन लाख टँकर! सहा तासांत आले, सहा तासांत गेले, आणि हे रोज दोनदा. डिझेल कोणाचं? चंद्राचं. आणि ते फुकट नाही बरं का. या घासाघाशीत पृथ्वीचं फिरणं अतिसूक्ष्म मंदावतं आणि चंद्र दर वर्षी ३.८ सेंटिमीटर लांब जातो.

आता ही खाडी इथे आलीच कशी? नकाशात बघितलं तर वाटतं, केवढी मोठी नदी समुद्राला मिळतेय! पण आत येणारे प्रवाह त्या मानानं अगदी लहान. या प्रवाहांना एवढं रुंद मुख कोणी दिलं? सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगात, जगाचं पाणी बर्फात अडकलेलं होतं आणि समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटर खाली होता. किनारा पश्चिमेला कितीतरी दूर होता. तेव्हा आजच्या दिघीच्या जागेवर उभं राहिलात तर समोर खाडी नाही, काळ्या बेसाल्टमध्ये नदीनं कोरलेली दरी दिसली असती. मग बर्फ वितळला, समुद्र चढत आला आणि दरीत शिरून बसला. आपण ज्याला राजपुरीची खाडी म्हणतो ती बुडालेली दरी आहे. आजूबाजूचे डोंगर थेट पाण्यात उतरतात ते त्यामुळेच. दिघीला मोठ्या जहाजांचं बंदर झालं, त्यामागेही हीच खोली आणि हाच आडोसा आहे.

पायी फिरणाऱ्याला या बुडालेल्या दरीनं एक मोठी देणगी दिली आहे: सगळं समोरासमोर आहे. दिघीच्या जेट्टीवरून पलीकडे आगरदांडा दिसतो. रस्त्यानं जायचं तर म्हसळा, मांदाड असा सगळ्या खाडीला वळसा. पाण्यातून गेलात तर फेरीबोट, म्हणजे कोकणातली लाडकी ‘जंगल जेट्टी’, गाड्या-माणसांसकट थोड्या वेळात पलीकडे नेऊन सोडते. गाडी नसेल तर उत्तमच. पिशवी खांद्यावर टाका आणि चढा. चढताना मात्र पायाखाली बघा. धक्का सपाट नाही, उतरता आहे. पाण्याची पातळी दिवसभर बदलणार, मग सपाट धक्क्याला बोट लागणार कशी? उतारावर पाणी जिथे असेल तिथे काठ असतोच. बोट पुढे येते, आपला लोखंडी जबडा त्या काठावर टेकवते आणि रिकामी होते. इतका मोठा प्रश्न एका उतारानं सोडवला.

खाडीच्या तोंडाशी जंजिरा. मूळचा कोळ्यांचा, रामपाटलाचा मेढेकोट, लाकडी ओंडक्यांचा. पुढे निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात, दगडी तट चढले आणि मग आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी तो १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत राखला. किल्ला कोणालाही जिंकता आला नाही, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. तिथे जाताना खाली पाण्याकडे बघा. संभाजी महाराजांनी १६८२ च्या सुमारास राजपुरीच्या किनाऱ्याकडून किल्ल्यापर्यंत समुद्रात दगड टाकून वाट बांधायला घेतली होती. मोगली स्वारीमुळे ते काम अर्धवट राहिलं. जिथून रोज चार वेळा खाडीचं पाणी ये-जा करतं, त्या तोंडाशी भराव घालायचा! योजनेची छाती केवढी, ते होडीत बसल्यावर कळतं.

किल्ल्यात गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये गोडं, म्हणजे चमत्कारच, असं तिथे हमखास ऐकायला मिळतं. मला यातला पावसाचा हिशेब त्याहून चमत्कारिक वाटतो. या पट्ट्यात वर्षाला साधारण तीन मीटर पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. म्हणजे उघड्या तलावाच्या प्रत्येक चौरस मीटरवर तीन हजार लिटर पाणी थेट आभाळातून. वरून तीन मीटर गोडं, खालून तीन मीटर खारं. या दोन पाण्यांच्या मध्ये माणसांनी दगडाचं भांडं बांधलं.

होडीची वेळ ठरवताना पाण्यासोबत वाराही बघावा. सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो, समुद्र बराचसा निवांत. ऊन चढलं की जमीन झपाट्यानं तापते, पाणी मात्र हळू. जमिनीवरची हवा वर जाते आणि तिची जागा भरायला समुद्रावरून खारा वारा धावत येतो. दुपारी तीनच्या सुमाराला तो जोरात असतो. म्हणून सकाळी जंजिरा, दुपारी झोप. पावसाळ्यात तर किल्ल्याच्या होड्या बंदच असतात.

निवांत दोन दिवस हवे असतील तर माझं मत पौर्णिमेला. अमावास्याही चालेल, हिशेब तोच. त्या दिवसांत सूर्य आणि चंद्र एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकवटते आणि उधाण येतं. सकाळी सहाला ओहोटी. जेट्टीजवळच्या चिखलात तिवरांची मुळं उलटी वर आलेली दिसतात. भरतीत गुदमरलेलं झाड त्यांतून श्वास घेत असतं. त्याच चिखलावर निवटी उड्या मारतात. मासा असून जमिनीवर चालणारा प्राणी! ओल्या कातडीतून हवा घेत तो पुढच्या परांवर सरकतो. नऊपर्यंत पाणी बरंच चढलेलं असतं, तेव्हा किल्ल्याची होडी. बाराला भरती, जेवण, विश्रांती. चारनंतर दिवेआगरचा किनारा गाठा. संध्याकाळी सहाला पुन्हा ओहोटी, म्हणजे सूर्य मावळताना वाळूचा पट्टा रुंद उघडा आणि पायाखाली घट्ट. पौर्णिमा असेल तर नेमका त्याच वेळी मागे पूर्वेला चंद्र उगवतो. हे योगायोगानं होत नाही. या किनाऱ्यावर पौर्णिमेची संध्याकाळ नेहमी अशीच असते, शिवाजी महाराजांच्या काळातही अशीच होती. याउलट अष्टमीला गेलात तर सहाला लाटा सुरूच्या बनाच्या दिशेनं येत असतात, आणि वाळूवर लांब फिरायचं तर भर दुपारी बाराच्या उन्हात.

तिसरा दिवस हाताशी असेल तर खाडीच्या आतल्या टोकाला, मांदाडजवळच्या कुडे लेण्यांकडे जा. समुद्रापासून पंधराएक किलोमीटर आत, डोंगरात कोरलेली बौद्ध लेणी, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. इतक्या आत का? शिडं-वल्ह्यांच्या काळात भरतीवर बसलेलं गलबत आपोआप आत जात होतं आणि ओहोटीवर बाहेर येत होतं. पहिल्या शतकातल्या ग्रीक भाषेतल्या ‘पेरिप्लस’ या दर्यावर्दींच्या पुस्तकात मंदगोरा नावाचं बंदर येतं. ते हेच मांदाड असावं, असं बरेच अभ्यासक मानतात. लेण्यांतले शिलालेख दान देणाऱ्यांची नावं सांगतात. त्यात राजघराण्यातली माणसं आहेतच, पण एक वैद्य आहे, फुलांचा धंदा करणारा माळी आहे आणि थेट कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारी आहे. घाट उतरून कऱ्हाडचा माणूस या खाडीच्या काठी आला आणि दगडात नाव ठेवून गेला.

मांदाडची खाडी पाण्यानं भरलेली सकाळीच बघायची असेल तर दशमी-एकादशी उत्तम. अकराची पाऊणपट सव्वाआठ, आत पाणी पोचायला थोडा उशीर धरा. फक्त एकादशी निवडण्याआधी घरच्यांना विचारा. दिघीच्या काठावर बसून साबुदाण्याची खिचडी खायची आणि शेजारच्या टेबलावरच्या सुरमईकडे बघायचं, हे सगळ्यांनाच झेपत नाही. दशमीला भरती साडेसातला असते. पाऊण तास आधी उठलं की झालं.